इंद्याचा सत्कार

इंद्या शिडीवर होता आणि खाली आम्ही सगळे गप्प उभे होतो.

"दाजी, तिरका हाय काय?" त्यानं वरून विचारलं.

गल्लीत फ्लेक्स लावायचा म्हटलं की शिडीवर इंद्याच चढायचा. उंचावरचं काम दुसऱ्या कुणी केलेलं त्याला पटायचं नाही. त्या दिवशीही टेम्पोतून गुंडाळी उतरली तेव्हा त्यानं कुणाला काही विचारलं नाही. असेल कुणाचा तरी वाढदिवस, म्हणून खांद्यावर घेतली आणि चढला. वरचे दोन्ही कोपरे तालमीच्या गॅलरीला बांधले, मधली सुतळी सोडली, आणि फ्लेक्स आमच्याकडं तोंड करून खाली आला. वरून त्याला फक्त पांढरी पाठ दिसत होती.

पुढच्या बाजूला तो स्वतः होता. माणसाच्या दुप्पट उंच, डोळ्यांवर गॉगल, कुणाच्या तरी लग्नातला फोटो. मागं वाघ, वाघाच्या पंजाखाली फुटबॉल. 'वाघोबा तालमीचा ढाण्या वाघ, मधल्या फळीचा राजा इंद्रजित सरनोबत यांच्या निवृत्तीनिमित्त भव्य सत्कार सोहळा.' खाली गोल चौकटीत कमिटीतले चेहरे होते. त्यात एक माझा होता, आणि तो मला न विचारता छापला होता.

"अरं बोला की! तिरका हाय काय?"

"सरळ हाय," मी म्हणालो. "ये खाली."

तो उतरला, हात झटकले, माझ्याशेजारी येऊन उभा राहिला आणि वाचायला लागला. सावकाश वाचलं त्यानं. माझ्या पलीकडचा पानपट्टीवाला सुपारी कातरायचा थांबला होता.

"निवृत्ती कुणाची?" इंद्यानं विचारलं.

नाव समोर हातभर अक्षरांत लिहिलेलं होतं.

"फोटो बरा आलाय," तो म्हणाला. खालचा एक कोपरा वाऱ्यानं फडफडत होता. त्यानं जाऊन तो खांबाला आवळून बांधला, दुहेरी गाठ मारली, शिडी उचलून तालमीत ठेवली आणि घरी गेला.

ह्याला आता चौदा-पंधरा वर्षं झाली. तेव्हा उद्यमनगरात माझं लेथचं छोटं वर्कशॉप होतं, आणि त्यातून उरलेला जीव मी तालमीच्या फुटबॉल टीमला वाहिलेला होता. टीमचा मॅनेजर मी. कोल्हापूरच्या बाहेरच्या माणसाला तालीम आणि फुटबॉल ह्यांचा संबंध कळत नाही. आमच्या तालमीत लाल माती होती, मारुती होता, पण कुस्ती करणारं कुणी उरलं नव्हतं. पोरं फुटबॉल खेळायची, आणि गल्लीची इज्जत त्या चेंडूबरोबर फिरायची. इंद्या माझ्या बायकोचा, नंदाचा, धाकटा भाऊ. त्यामुळं मी सगळ्या गल्लीचा दाजी झालो होतो. वयानं वडील असलेली माणसंसुद्धा मला दाजी म्हणायची.

अठरा वर्षं आमचा खेळ इंद्याच्या पायातून निघत होता. गोल दुसरे मारायचे, पण चेंडू कुणाकडं, कधी आणि किती जोरात जायचा हे तो ठरवायचा. पाणीपुरवठा खात्यात गल्लोगल्ली पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याची नोकरी करायचा. लग्न राहून गेलं होतं. एवढा मोसम संपू दे, मग बघू, असं दर मोसमाला म्हणायचा.

मी तडक नानांच्या दुकानात गेलो. नाना म्हणजे सुभानराव इंगवले, तालमीचे अध्यक्ष. भांड्यांचं दुकान, आवाजही भांड्यासारखाच. मला बघून त्यांनी गिऱ्हाइकाला पातेलं दाखवायचं सोडलं आणि आत बोलावलं.

"फ्लेक्स आजच आला व्हय?" ते म्हणाले. "उद्या सकाळी ये म्हटलेलं त्या प्रिंटिंगवाल्याला. आज संध्याकाळी मी स्वतः जाणार हुतो इंद्याकडं. पेढे बी आणलेत."

"जाऊन काय सांगणार होता?"

"सत्कार हाय म्हणून."

"आणि त्यानं खेळायचं थांबायचंय, हे?"

"ते फ्लेक्सवर हाईच की."

मला हसू आलं आणि हसायचीही ताकद नव्हती. मी स्टुलावर बसलो.

"नाना, तो संपलाय हे मी तुम्हाला कमिटीत सांगितलं. मेव्हणा असून सांगितलं. पण तुम्ही त्याला सांगायचं होतं. दर मॅचला सकाळी मारुतीसमोर उभं राहून पोरांना तोंडावर सांगता न्हवं, तू आत, तू भाईर? मॅनेजरनं ते बोलायचं न्हाई, अध्यक्षानं बोलायचं, ही रीत तुमचीच."

"ती पोरं येगळी. इंद्याला कुठल्या तोंडानं सांगू? माझ्या ताटात जेवून मोठा झालाय मर्दा." नानांनी टॉवेलनं तोंड पुसलं. "फायनलला काय झालं तू बघितलंस. पोरं बॉल मिळाला की पहिलं इंद्याला हुडकत्यात. इंद्या तिथं पोचतोय कुठं? गुडघा साथ देईना त्याला. आता तो गोव्याचा सॅव्हियो आणलाय, पण इंद्या मैदानात असला तर त्याला कोण बॉल देणार हाय? मग म्हटलं, मानानं पाठवू. फेटा, शाल, श्रीफळ. नगरसेवक येणार हायत. सांग, कुणाचा झालाय असा सत्कार?"

"कुणी मागितला होता?"

नाना हळू आवाजात म्हणाले, "दाजी, तेवढा त्याला उद्या सत्काराला घेऊन ये. परवा खेळाडूंची नोंदणी संपत्या. खालच्या गल्लीची पोरं त्याला गाठायच्या आत शाल अंगावर पडू दे."

म्हणजे एवढं सगळं त्यांच्या डोक्यात होतं. खालची गल्ली ही आमची पिढीजात वैरी टीम. त्यांच्याकडून आमच्याकडं किंवा आमच्याकडून त्यांच्याकडं कुणी गेला की दगड पडायचे, सोयरिकी मोडायच्या, किराणावाला उधार बंद करायचा. इंद्याचं घर तालमीपासून तिसरं. माझ्या बायकोचं माहेर तेच. तो तिकडं गेला असता तर त्याला त्या घरात राहता आलं नसतं, आणि मला तालमीची पायरी चढता आली नसती. हे नानांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि इंद्याला सगळ्यात आधी.

मी घरी आलो तेव्हा इंद्या आमच्याच स्वयंपाकघरात जेवत होता. आई गेल्यापासून तो दुपारचा आमच्याकडंच जेवायचा. नंदानं माझ्यासमोर ताट ठेवलं ते आपटूनच.

"तुमचं बी थोबाड हाय त्या फ्लेक्सवर," ती म्हणाली.

"मला न विचारता छापलंय."

"मग फाडून या जावा."

"ताई, आमटी वाढ," इंद्या म्हणाला.

"तू गिळ. तुला काय वाटतच न्हाई का रं? जित्या माणसाचा फोटो लावून ठेवलाय, हार घालायचा तेवढा ऱ्हायलाय!"

"गॉगल हाय की," इंद्या म्हणाला. "गॉगलवाल्याला हार घालत न्हाईत."

नंदा हसली नाही. पदर तोंडाला लावून मोरीकडं गेली. इंद्यानं स्वतःच उठून आमटी घेतली. उठताना त्यानं एक हात ओट्याला टेकला. हे तो कुणासमोर करायचा नाही.

"खालच्या गल्लीचा मुकुंदा आलता," तो बसता बसता म्हणाला. "दहा नंबर देतो म्हणाला. मोसमभर भाईर बसवणार न्हाई, शब्द देतो म्हणाला."

माझा घास हातातच राहिला. "तू काय म्हणालास?"

"चा पाजला त्याला."

एवढंच बोलला. मला त्या वेळी त्याच्या डोक्यावर तांब्या घालावासा वाटला. वर्कशॉपवर अर्धवट काम सोडून आलो होतो, घरात बायको रडत होती, दुकानात नाना वाट बघत बसले होते, आणि हा पठ्ठ्या निवांत भात कालवत होता. तालीम आणि हे घर ह्यांच्यामधला निरोप्या होऊन होऊन मी विटलो होतो. लग्नात मला बायको मिळाली, तिच्याबरोबर ही टीम कुणी दिली, असं मी कैकदा म्हणायचो. त्या दिवशी ते चेष्टेत म्हणावंसं वाटलं नाही.

संध्याकाळी त्यानंच मला गांधी मैदानावर नेलं. आम्ही पायऱ्यांवर बसलो. खाली पोरं खेळत होती. कुणाचं दप्तर गोलपोस्ट, कुणाच्या चपला.

"दाजी, खरं सांगायचं," तो म्हणाला. "मी संपलोय?"

"व्हय."

मला वाटलं होतं की हे उत्तर द्यायला जड जाईल. तसं झालं नाही. दिवसभर इतके लोक इतकं गोल गोल बोलले होते की एक सरळ शब्द तोंडातून गेल्यावर बरंच वाटलं.

"कधीपासनं?"

"मागच्या मोसमापासनं. सेमीफायनलला तू तीन वेळा बॉल मागितलास आणि तिन्ही वेळा तुझ्या आधी त्यांचा माणूस पोचला. तवाच दिसलं मला. कमिटीत पहिला मीच बोललो."

तो माझ्याकडं बघत राहिला. मला वाटलं, आता शिवी देतो. त्यानं नुसती मान हलवली.

"चार वेळा," तो म्हणाला. "एक तुमच्या ध्यानात आली न्हाई."

मग खाली खेळणाऱ्या एका पोराला ओरडून म्हणाला, "अरं, मान वर कर, मान!" पोरानं मान वर केली.

"मग नानांनी सांगावं की मला," तो एकदम म्हणाला. "सगळ्यास्नी सांगत्यात. आपल्या टीमच्या सदाला भाईर बस म्हणून सांगितलं, तवा सदाच्या लग्नाला आठ दिस न्हवतं झालं. मला बी एकदा बसवलेलं, नवीन हुतो तवा. लई राग आलता. पण मी दुसऱ्या दिवशी परत मैदानात गेलोच की. हे शाल-श्रीफळ घेतल्यावर कुठं जायाचं, दाजी? दुसऱ्या दिवशी सकाळी उठून कुठं जायाचं?"

"खालच्या गल्लीत?"

"तिथं गेलो तर ताईला रस्त्यात तोंड दाखवता यायचं न्हाई. ते मला कळतंय." त्यानं गुडघा दोन्ही हातांनी दाबला. "शाल घेतली तर संपलं. न्हाई घेतली तर मुकुंदा. ह्यात तिसरं काय हाय का?"

माझ्याकडं तिसरं काही नव्हतं. असतं तर मी ते सकाळीच नानांच्या दुकानात सांगितलं असतं. अंधार पडायला लागला तसे आम्ही उठलो. माझ्या खांद्यावर हात ठेवून तो पायऱ्या उतरला. सत्काराला येतो की नाही, हे त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो आला. इस्त्रीचा शर्ट घालून आला. चौकात स्टेज, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पुढं पोरांना बसायला सतरंजी. अख्खी गल्ली लोटली होती. चौकाच्या तोंडाशी मुकुंदा आणि खालच्या गल्लीची चार पोरं गाड्या स्टँडवर लावून उभी होती. कुणाला भीत नव्हती आणि काही बोलतही नव्हती. त्यांना फक्त शाल अंगावर पडते का ते बघायचं होतं. नंदा बायकांत बसली होती आणि तिची नजर त्या गाड्यांवरून हलत नव्हती.

नगरसेवकांचं भाषण झालं. त्यांनी इंद्याला दोनदा इंद्रजितऐवजी अभिजित म्हटलं. मग फेटा बांधला. इंद्या मान ताठ ठेवून बसला होता. नानांनी शाल उलगडली, तसा तो उठला आणि म्हणाला, "थांबा, नाना. आधी बोलतो."

सत्कारमूर्ती शेवटी बोलते. नाना शाल हातात धरून तसेच उभे राहिले. इंद्यानं माईक घेतला.

"मी रिटायर झालेलो न्हाई," तो म्हणाला.

चौकाच्या तोंडाशी मुकुंदानं शेजारच्याला कोपर मारलं. नंदानं डोळे मिटून घेतले.

"मला कुणी विचारलं न्हाई. फ्लेक्स बघून कळलं. असू दे. फोटो चांगला हाय." लोक हसले, मग हसायचं होतं का ते न कळून थांबले. तो नानांकडं वळला. "नाना, दिवाळीनंतर पहिली मॅच हाय. मी आत का भाईर?"

"इंद्या, अरं, आज आनंदाचा दिवस..."

"आत का भाईर?"

"बाळा, हे नंतर बोलू की..."

"मारुती समोर हाय. तालीम समोर हाय. सगळ्यास्नी सांगता तसं मला सांगा. मी काय परका हाय?"

नानांनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. ते काम माझं नव्हतं, आणि असतं तरी मी घेतलं नसतं. नाना काही बोलायचे नाहीत, रडतील आणि हा सोहळा इथंच मोडेल, असं मला वाटलं. मोडला असता तर इंद्या मुकुंदाच्या गाडीवर बसून गेला असता. अजूनही मला तसंच वाटतं.

"भाईर," नाना म्हणाले.

त्यांच्यापुढंही माईक होता. तो शब्द चारी कर्ण्यांतून गल्लीभर गेला.

"भाईर बस, इंद्या," त्यांनी पुन्हा सांगितलं, आता त्यांच्या नेहमीच्या आवाजात. "गुडघा गेलाय तुझा. तुझ्या जागी दुसरा खेळंल."

"बरं," इंद्या म्हणाला.

माईक ठेवला. डोक्यावरचा फेटा दोन्ही हातांनी उचलून टेबलावर ठेवला. शाल घेतली नाही. स्टेजवरून एक एक पायरी उतरला आणि पुढच्या सतरंजीवर टीमची पोरं बसली होती तिथं जाऊन बसला. सॅव्हियोला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, पण त्यानं सरकून जागा दिली. स्टेजवर रिकामी खुर्ची तशीच राहिली. नाना थोडा वेळ ती शाल हातात घेऊन उभे होते, मग त्यांनी ती घडी करून काखेत मारली. आभार मानायचं काम माझ्याकडं होतं. मी कुणाचे आभार मानले ते मला आठवत नाही.

परत जाताना चौकाच्या तोंडाशी मुकुंदानं इंद्याला अडवलं.

"कसला सत्कार रं हा? चारचौघांत भाईर काढलं की तुला!"

"व्हय," इंद्या म्हणाला. "आमच्या नानांनी बसवलंय. तुला काय अडचण?"

मुकुंदानं माझ्याकडं बघितलं. मीही तेव्हाच समजलो. निवृत्त झालेला माणूस फ्लेक्सवर जातो. बाहेर बसवलेला माणूस टीममध्ये असतो. एवढा साधा फरक होता, आणि तो आम्हा शहाण्यांपैकी कुणाच्या डोक्यात आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी नोंदणीला निघालो तेव्हा तो दारात उभा होता. "माझं नाव घाला, दाजी," म्हणाला. मी घातलं. दहा नंबर सॅव्हियोला गेला. इंद्यानं उरलेला सोळा घेतला.

मोसमभर तो टीमचा ड्रेस घालून रेषेबाहेर बसला. सुरुवातीच्या मॅचेसना प्रेक्षकांत त्याच्या नावानं ओरडा व्हायचा, नानांना शिव्या पडायच्या. तो मागं वळून बघायचा नाही. बसल्या जागेवरून सॅव्हियोला हातानं खुणा करायचा. सुरुवातीला सॅव्हियोला त्या कळायच्या नाहीत. पुढं कळायला लागल्या, आणि आमची पोरं चेंडू मिळाला की आधी सॅव्हियोला शोधायला लागली. ते पहिल्यांदा झालं त्या दिवशी मी इंद्याकडं बघितलं. तो गवताची काडी चावत होता. मला त्याच्याजवळ जाऊन बसावंसं वाटलं, पण गेलो नाही.

फायनल खालच्या गल्लीबरोबरच लागली. शाहू स्टेडियम तुडुंब भरलेलं. आम्ही एका गोलनं पुढं होतो आणि शेवटची थोडी मिनिटं उरली होती. तेवढ्यात नाना जागेवरून उठले, रेषेच्या कडेनं चालत आले आणि इंद्याच्या पुढ्यात उभे राहिले. तोंड लाल झालेलं.

"ऊठ," ते म्हणाले. "बूट आवळ. आत जा. लोकांस्नी एकदा बघू दे तुला."

प्रेक्षकांना कळलं. एका बाजूनं त्याच्या नावाचा गजर सुरू झाला आणि बघता बघता अख्ख्या स्टेडियमभर पसरला. बदली खेळाडूची खूण करायला मी उठलोही होतो. इंद्यानं मैदानाकडं बघितलं. सॅव्हियोच्या पायात चेंडू होता.

"नको, नाना," तो म्हणाला. "जिंकतोय आपण. खाली बसा, मागच्यांस्नी दिसत न्हाई."

नाना तिथंच गवतात त्याच्या शेजारी बसले. शिट्टी होईपर्यंत इंद्या सॅव्हियोला हातानं खुणा करत राहिला.